जन्मजात चयापचय विकार : धडा कुठे थांबतो?

राज्याच्या नववीच्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पुस्तकात, म्हणजे 2017 सालापासून वापरात आलेल्या पुस्तकात, आनुवंशिकतेवर एक प्रकरण आहे. त्यात एकजनुकीय विकारांची यादी येते. सिकलसेल, हिमोफिलिया, वर्णकहीनता यांच्या पंगतीत गॅलेक्टोसेमिया आणि फिनाइलकीटोन्युरिया ही दोन नावेही बसवलेली आहेत. जनुकात बिघाड झाला की त्याने तयार करायचा पदार्थ कमी तरी पडतो किंवा होतच नाही, त्यामुळे चयापचय बिघडतो आणि लहान वयात मृत्यूही ओढवू शकतो, एवढे सांगून पुस्तक पुढच्या विकाराकडे वळते. सिकलसेलला मात्र पुस्तकाने जागा दिली आहे, विदर्भाचा उल्लेख केला आहे, आणि ते योग्यच आहे. यवतमाळसारख्या जिल्ह्यात सिकलसेल हा घराघरांशी जोडलेला विषय आहे.

बारावीला, विशेषतः वैद्यकीय प्रवेशाची तयारी करणाऱ्या मुलांच्या हातात, एनसीईआरटीचे जीवशास्त्र असते. तिथे फिनाइलकीटोन्युरियाला स्वतंत्र परिच्छेद मिळाला आहे. कोणते विकर नाही, कोणते अमिनो आम्ल साठते, त्यापासून कोणते आम्ल बनते, मेंदूवर काय परिणाम होतो आणि लघवीतून काय बाहेर पडते, हे सगळे क्रमाने व बिनचूक दिले आहे. परिच्छेद मतिमंदत्वापाशी येतो, मग लघवीपाशी येतो, आणि संपतो.

या दोन्ही पुस्तकांविरुद्ध माझी तक्रार एकच आहे. चुकीचे असे त्यांत फारसे काही नाही. पण ज्या विकारांमध्ये अन्न हेच औषध ठरले, तेच विकार ती नशिबासारखे शिकवतात. यवतमाळ जिल्ह्यातील काही शिक्षकांशी बोलणे निघाले असता एका शिक्षिकेने मला सरळ विचारले, ‘‘सर, हे आजार बरे होतच नाहीत, तर ही अवघड नावे पोरांना पाठ कशाला करायला लावायची?’’ प्रश्न रास्त होता. त्यांच्यासमोरच्या पुस्तकावरून दुसरा निष्कर्ष निघतच नव्हता.

आता पुस्तकाने न सांगितलेली गोष्ट पाहू. आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी 1908 साली लंडनमध्ये दिलेल्या व्याख्यानांत ‘चयापचयातील जन्मजात दोष’ ही कल्पना मांडली. 1934 साली नॉर्वेत एका आईने आपल्या दोन मंदबुद्धी मुलांच्या अंगाला व लघवीला येणाऱ्या विचित्र वासाचा पाठपुरावा केला, आणि त्यातून आस्ब्यर्न फॉलिंग यांना फिनाइलकीटोन्युरिया सापडला. आपण त्याला पुढे पीकेयू म्हणू. फिनिलॲलनीन नावाच्या अमिनो आम्लाचे टायरोसिन करणारे विकर या मुलांत काम करत नाही. डाळीत, दुधात, धान्यात, अंड्यात, म्हणजे जिथे प्रथिन तिथे फिनिलॲलनीन असतेच. ते रक्तात साठते आणि वाढत्या मेंदूला इजा करते.

1951 च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या मुलांच्या रुग्णालयात अशा एका लहान मुलीच्या आईने डॉक्टरांचा पिच्छाच पुरवला : रोगाचे नाव सांगितलेत, आता उपचार सांगा. होर्स्ट बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुधातील केसिनचे अमिनो आम्लांत विघटन केले, ते मिश्रण कोळशातून गाळून फिनिलॲलनीन काढून टाकले, आणि उरलेले मिश्रण त्या मुलीला अन्न म्हणून दिले. 1953 साली ‘लॅन्सेट’मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. ही मुलगी उशिरा सापडली होती, त्यामुळे झालेली हानी भरून निघाली नाही. पण ती उभी राहू लागली, लक्ष देऊ लागली. पुढे 1960 च्या दशकात रॉबर्ट गथ्री यांनी टाचेतल्या रक्ताच्या एका थेंबावर करता येणारी चाचणी काढली. त्यामुळे जन्मानंतर काही दिवसांतच निदान होऊ लागले आणि अनेक देशांत या विकाराची मुले शाळा-कॉलेजांत इतरांसारखी शिकू लागली.

इथवरची गोष्ट लोकप्रिय विज्ञानाच्या पुस्तकांत सापडते, आणि माझी दुसरी तक्रार या गोष्टीविषयी आहे. ती ऐकून असे वाटते की अपायकारक पदार्थ ताटातून काढला, काम झाले. शिक्षकांनी धड्याला पुरवणी म्हणून हीच गोष्ट सांगितली तर एका अर्धवट समजुतीच्या जागी दुसरी येईल. कारण काढणे हे या उपचारातले सोपे काम आहे.

बिकेल यांच्याच अनुभवाकडे पाहा. पहिल्या काही आठवड्यांत त्या मुलीच्या आहारात फिनिलॲलनीन जवळजवळ नव्हतेच. रक्तातील पातळी उतरली, आणि मग मुलीचे वजन घटू लागले. लघवीतून सगळीच अमिनो आम्ले जाऊ लागली. कारण फिनिलॲलनीन हे शरीराला स्वतः बनवता न येणारे, म्हणजे आवश्यक अमिनो आम्ल आहे. ते नसेल तर एकही नवे प्रथिन पूर्ण होत नाही. डॉक्टरांनी थोडे साधे दूध पुन्हा सुरू केले, तेव्हा वजन सावरले. ज्या पदार्थाने अपाय होतो तोच मोजून दिल्याशिवाय मूल वाढत नाही!

हा धडा पुढच्या काळात सगळ्यांनीच लक्षात ठेवला असे नाही. 1970 साली टोरांटोच्या डॉक्टरांनी लवकर उपचार सुरू केलेल्या पीकेयूच्या मुलांमधील कुपोषणावर लेख लिहिला. रक्तातील आकडा शक्य तितका खाली ठेवण्याच्या उत्साहात मुले उपाशी राहत होती. त्या पहिल्या दोन दशकांत अतिकडक आहारामुळे पुरळ, रक्तक्षय, हाडांतील बदल आणि खुंटलेली वाढ दिसली, काही मुले दगावलीही.

यामागचे रसायन पाठ्यपुस्तकात यायला हवे होते. वाढणारे मूल फिनिलॲलनीन दोन वाटांनी संपवते. एक वाट विकराची, ती पीकेयूत बंद असते. दुसरी वाट म्हणजे नवे स्नायू, नवे रक्त, नवी कातडी बांधणे. ही वाट उघडी असेल तर आत आलेले फिनिलॲलनीन शरीर बांधण्यात खर्ची पडते. पण मुलाला पुरेशी ऊर्जा मिळाली नाही, किंवा इतर अमिनो आम्ले कमी पडली, तर वाढ थांबते आणि ही वाटही बंद होते. एवढ्यावर भागत नाही. उपाशी शरीर ऊर्जेसाठी स्वतःचे स्नायू मोडू लागते, आणि स्नायूंच्या प्रथिनांतून सुटलेले फिनिलॲलनीन रक्तात येते. म्हणजे ताटात काहीच नसताना रक्तातील पातळी चढते. ताप आला की हेच होते. अशा वेळी घाबरून आईने आहार आणखी कमी केला तर पातळी आणखी वाढेल. म्हणून या मुलांच्या तपासणीत रक्ताच्या आकड्याइतकेच उंची-वजनाला महत्त्व असते. वाढ थांबली, तर उपचारच चुकतो आहे असे समजावे लागते.

हे आपल्याकडच्या ताटात कसे दिसेल? यवतमाळकडचे साधे जेवण घ्या : ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, भात, कधी चून, अंबाडीची भाजी. ठोकताळा म्हणून एक ग्रॅम प्रथिनात 50 मिलिग्रॅम फिनिलॲलनीन धरतात. तुरीत तर त्याचे प्रमाण याहून पुष्कळ जास्त असते. तीव्र पीकेयू असलेल्या मुलाला दिवसभरात साधारण 250 ते 350 मिलिग्रॅम एवढेच चालते, म्हणजे सगळे मिळून पाच ते सात ग्रॅम नैसर्गिक प्रथिन. शाळेतील पोषण आहाराचा प्राथमिक वर्गांसाठीचा निकष आहे 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिन. एका दुपारच्या खिचडीत या मुलाचा दोन दिवसांचा वाटा संपतो. मग पोट कशाने भरायचे? तेल, तूप, साखर यांत प्रथिन नसल्यासारखेच. साबुदाण्यात शंभर ग्रॅमला अर्धा ग्रॅमही प्रथिन नसते. आपली उपासाची खिचडी शेंगदाण्याशिवाय केली तर ती या मुलांसाठी ऊर्जेचा चांगला साठा ठरते. (भगर मात्र त्यात बसत नाही, ते धान्यच आहे.) रताळे, दुधी, फळे मोजून चालतात.

पण साबुदाणा आणि तुपावर मूल वाढत नाही. प्रथिनाची उरलेली गरज फिनिलॲलनीन वगळून बनवलेल्या अमिनो आम्लांच्या भुकटीने भागवावी लागते. तीत टायरोसिन घातलेले असावे लागते, कारण या मुलांना ते स्वतः बनवता येत नाही. सुटी अमिनो आम्ले आतड्यातून झटकन शोषली जातात आणि त्यांचा काही भाग वाया जातो, म्हणून ती नेहमीच्या गरजेपेक्षा काहीशी जास्त आणि दिवसातून तीन-चार वेळा विभागून देतात. लोह, जस्त, कॅल्शियम, ब-12 जीवनसत्त्वही याच भुकटीतून यावे लागते. परदेशांत दिसलेला एक प्रकार बोलका आहे. मोठी झालेली काही मुले चवीला कंटाळून भुकटी सोडतात, पण मांस-अंडी-दूध टाळण्याची सवय तशीच राहते, आणि मग त्यांच्यात ब-12 ची कमतरता आढळते. पीकेयूवर मात केलेली माणसे साध्या कुपोषणात सापडतात.

आणि एवढे सगळे नीट केले तरी वाढ इतरांसारखी होते का? नेदरलँड्समधील 1994 सालच्या अभ्यासात लवकर उपचार मिळालेली मुलेही समवयस्कांपेक्षा थोडी बुटकी आढळली. नंतरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. काही ठिकाणी मुले पूर्ण उंची गाठतात, काही ठिकाणी मागे राहतात, आणि अलीकडे वजन जास्त असल्याचीही नोंद होते. फरक मोठा नसतो. पण जन्मतः माप ठीक असलेले मूल पुढे मागे पडत असेल, तर जनुकाबरोबर ताटाकडेही बोट दाखवावे लागते.

ज्वारीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण हा भाग आपल्या मातीतला आहे. ज्वारीच्या प्रथिनात ल्यूसीन हे अमिनो आम्ल फार असते, शंभर ग्रॅम प्रथिनात सुमारे 12 ग्रॅम. दख्खनच्या पठारावर ज्वारीवर जगणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा दिसतो याचे कोडे हैदराबादचे सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांना पडले होते. ल्यूसीनच्या या आधिक्यामुळे नायसिन बनण्यात अडथळा येत असावा अशी कल्पना त्यांनी 1960 साली मांडली. तिच्यावर पुढे वाद झाले, पण ज्वारीतील ल्यूसीनचा आकडा वादातीत आहे.

आता मेपल सिरप युरिन डिसीज या जन्मजात विकाराचे मूल अशा घरात जन्मले असे समजा. लघवीला जळक्या साखरेसारखा वास येतो म्हणून हे नाव. या मुलांना ल्यूसीन, आयसोल्यूसीन आणि व्हॅलीन ही तीन अमिनो आम्ले पुढे मोडता येत नाहीत, आणि त्यांतले ल्यूसीन मेंदूला सर्वांत घातक. तीव्र प्रकारात मुलाला दिवसाला साधारण 300 ते 700 मिलिग्रॅम ल्यूसीन चालते. पन्नास ग्रॅम पिठाची एक लहान भाकर सुमारे 600 मिलिग्रॅम ल्यूसीन देते! तेवढ्याच तांदळात त्याच्या निम्म्याच्या आसपास असते. परदेशी पुस्तकातील आहारतक्ता गव्हाच्या पावावर आधारलेला असतो. त्यात पावाच्या जागी भाकर लिहून तो वापरता येणार नाही. आता सोयाबीन आणि कापसाने जिल्ह्यातील ज्वारीचे क्षेत्र घटवले आहे आणि रेशनचा गहू-तांदूळ घरोघरी आहे, तरी भाकर गेलेली नाही.

याच विकारात एक विरोधाभास दिसतो, तो मला वर्गात सांगण्याजोगा वाटतो. आहारातले ल्यूसीन कमी करताना उरलेली दोन आम्लेही कमी होतात, आणि कधीकधी आयसोल्यूसीन इतके घटते की कातडी सोलवटते आणि वाढ थांबते. अशा वेळी रक्तातील ल्यूसीन उतरवण्यासाठी डॉक्टर आयसोल्यूसीन आणि व्हॅलीन वरून देतात. भिंत बांधायला विटा आहेत, वाळू नाही, म्हणून विटांचा ढीग पडून राहिला. वाळू आणली की ढीग संपतो. बंदी असलेल्या पदार्थाचाच सख्खा शेजारी औषध म्हणून द्यावा लागतो, हे ‘टाळा’ म्हणणाऱ्या यादीत कुठे बसणार?

गॅलेक्टोसेमियाबद्दल थोडक्यात. यात आईचे दूधही बाळाला चालत नाही. दूध बंद केले की जीव वाचतो, पण शरीर स्वतःही थोडे गॅलेक्टोज बनवत असल्याने काही दुष्परिणाम आहार सांभाळूनही उरतात, आणि दूध गेल्यामुळे कॅल्शियमचा प्रश्न हाडांपर्यंत पोहोचतो.

उलट बाजूचे एक समाधानकारक उदाहरण आहे ते ग्लायकोजन साठवणीच्या पहिल्या प्रकारच्या विकाराचे. या मुलांचे यकृत उपाशीपोटी रक्तात साखर सोडू शकत नाही. पोट मोठे, गाल बाहुलीसारखे, उंची खुंटलेली. 1984 साली अमेरिकेतील चेन व सहकाऱ्यांनी दाखवले की मक्याचा कच्चा स्टार्च पाण्यात कालवून काही तासांच्या अंतराने दिला तर साखर टिकते. आणि साखर टिकली की मुले उंचही होऊ लागतात. हा स्टार्च किराणा दुकानात मिळणारे कॉर्नफ्लॉरच. मात्र शिजवायचे नाही. शिजवले की ते लवकर पचते आणि उपयोग संपतो. लाळ आणि आयोडीनचा प्रयोग शाळेत होतोच. तो एकदा शिजवलेल्या आणि एकदा कच्च्या स्टार्चवर करून पाहिला तर हा उपचार मुलांना डोळ्यांनी दिसेल.

हे विकार विरळ आहेत, मग शाळेत एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. एकेक विकार विरळ आहे हे खरे. 1980 च्या दशकात बंगलोरला भारतीय विज्ञान संस्थेच्या अप्पाजी राव आणि सहकाऱ्यांनी कर्नाटकातील लाखाहून अधिक नवजात बाळांचे रक्त तपासले तेव्हा पीकेयू, मेपल सिरप, टायरोसिनेमिया असे मोजके पण निश्चित रुग्ण सापडले. गोव्याने 2008 साली राज्यभर नवजात तपासणी सुरू केली होती. महाराष्ट्रात प्रत्येक बाळाची अशी तपासणी होत नाही, त्यामुळे आपल्याकडे ही मुले सापडतात ती उशिरा, आणि तीही सापडली तर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीनुसार राज्यातील पाच वर्षांखालील सुमारे 35 टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आहेत. वाढीच्या तक्त्यावर एक ठिपका रेषेखाली गेला, तर त्याचे कारण उपासमार आहे की विकर, हे तक्ता सांगत नाही. अंगणवाडीताई सांगतात डाळ द्या, अंडे द्या, दूध द्या. शेकडो मुलांना हा सल्ला अगदी योग्य आहे, आणि कोणीही हा लेख वाचून कुणाच्या ताटातले वरण कमी करू नये. पण एखादे मूल असे असते की आहार वाढवला की मलूल होते, तापात शुद्ध हरपते, वरण आणि दूध स्वतःहूनच बाजूला सारते, आणि त्याच्या पाठची-पुढची भावंडे तान्हेपणीच गेलेली असतात. यांतले एकेक लक्षण कुठेही दिसते. ती एकत्र दिसली तर शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला, जो 2013 पासून चालू आहे, तेवढे सांगणे शिक्षकाला शक्य आहे.

निदानानंतरची वाटही सोपी नाही. 2021 च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणाने विशेष आहाराने आटोक्यात राहणाऱ्या विकारांचा वेगळा गट केला, आणि 2022 पासून कोणत्याही गटातील रुग्णाला 50 लाखांपर्यंत मदतीची तरतूद झाली. पण ती मिळते उत्कृष्टता केंद्रांतून, आणि मुंबईचे केंद्र, केईएम रुग्णालय, यवतमाळहून सुमारे साडेसहाशे किलोमीटर. या मुलांना दर काही आठवड्यांनी रक्त तपासून आहार बदलावा लागतो, कारण मूल वाढते तशी मात्रा बदलते. एकरकमी मदतीच्या कल्पनेत हे रोजचे ताट नीट बसत नाही.

गंमत अशी की फिनाइलकीटोन्युरिया हा शब्द आपल्या मुलांना पुस्तकाआधी ॲस्पार्टेम घातलेल्या ‘डाएट’ पेयाच्या डब्यावर भेटण्याची शक्यता आहे. अशा रुग्णांसाठी हे पेय नाही अशी सूचना त्यावर असते. ॲस्पार्टेममध्ये फिनिलॲलनीन असते म्हणून. डब्यावरच्या त्या ओळीत आहाराचा उल्लेख आहे. पुस्तकातील परिच्छेदात तोही नाही.

पुस्तक पुन्हा छापताना पाने वाढवायला जागा नसेल हे मी समजू शकतो. मग निदान स्वाध्यायातील रिकाम्या जागा भरण्याच्या प्रश्नाऐवजी एक गणित घालावे. पीकेयू असलेल्या दुसरीतल्या एका मुलीला दिवसाला 300 मिलिग्रॅम फिनिलॲलनीन चालते. शाळेच्या खिचडीत 12 ग्रॅम प्रथिन आहे आणि एक ग्रॅम प्रथिनात 50 मिलिग्रॅम फिनिलॲलनीन धरले आहे. दिवसभर दुसरे कोणतेही प्रथिनयुक्त अन्न दिले नाही, तर तिला खिचडीचा किती भाग देता येईल? तीन महिन्यांनी तिचे वजन वाढलेले नाही, ती तेवढीच खिचडी खाते, ताप नाही, आणि तरीही रक्तातील फिनिलॲलनीन वाढले आहे. तिच्या आहारात काय कमी करावे, की काही वाढवावे? कारणासह लिहा.